उजवोकाकांची नोंद मी उडवली

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. चहा गार होतोय, होऊ दे. तीन आठवडे मी रोज लिहायला बसतेय आणि पहिल्या ओळीवरच पळून जातेय. आज नुसती टाईप करत सुटणार, मागे वळून वाचणारपण नाही. चुका दिसल्या तर समजून घ्या.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस होता, जो पंगतीत बसला की शर्टाच्या खिशातून स्वतःचं हत्यार काढायचा. लोक पेन अडकवतात ना, तसं खिशाला लावलेलं, कापडी म्यानात. लग्न असो, सत्यनारायण असो, सोसायटीचा गणपती असो. पानात भात पडायच्या आधी काका ते बाहेर काढणार, रुमालाने पुसणार आणि पानाच्या उजव्या बाजूला आडवं ठेवणार. वाढणारा नवीन असला की गडबडायचा. "काका, चमचा आणून देऊ?" काका मान हलवायचे. "नको रे. माझो उजवो असा माझ्याकडे."

उजवो. म्हणजे उजवा. त्या वस्तूचं नावच ते. अख्ख्या बिल्डिंगला काका उजवोकाका म्हणूनच माहीत होते. दत्ताराम हे नाव फक्त दाराच्या पाटीवर.

उजवो म्हणजे अर्धी सुरी, अर्धा काटा. पुढे काट्यासारखे दाते, पण उजव्या कडेचा दाता चांगला रुंद, बाहेरून बाक दिलेला आणि त्या बाकाला धार. भाकरीवर टेकवून जरा डोलवलं की तुकडा सुटायचा. मग त्याच तुकड्यात दाते रुतवायचे, कालवणात बुडवायचा, तोंडात. सगळं एका हाताने. कारण काकांना हात एकच होता, डावा. उजवा मनगटाच्या वरून गेलेला, मी जन्मायच्याही आधी. भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये स्टीलचे चमचे पाडायच्या प्रेसवर काका कामाला होते, तिथे.

आता तुम्ही म्हणाल, डावा होता ना, मग डाव्याने जेवायचं. काकीपण तेच म्हणायची. घरात कोणाला काय पडलंय? पण काका त्या बाबतीत कोकणातल्या घट्ट घरातले. हात गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात ते डाव्या हाताने भात कालवायला लागले आणि शेजारच्या पानावरच्या म्हाताऱ्या बाई काही न बोलता पाट सरकवून जरा लांब बसल्या. एवढंच झालं. काका उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. सोमवारी वर्कशॉपला गेले. तिथे त्यांना आता स्टोअर सांभाळायला बसवलं होतं. रद्दीतला एक बिघडलेला काटा उचलून ते ग्राइंडरवर गेले. पहिला उजवो फारच धारदार झाला, त्याने काकांचा ओठ कापला. दुसऱ्याची धार उलट्या कडेला आली. तिसरा जमला. "बाजारात मिळता ता सगळा उजव्या हाताच्या माणसासाठी," ते सांगायचे. "ज्याका उजवो हात असा, तेका ह्याची गरजच काय?"

बरोबर ना? मला ते वाक्य पाठ होतं. पुढे माझ्या लक्षात का आलं नाही, देव जाणे.

माझे आई-बाबा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शाळा सुटली की माझा मुक्काम तळमजल्यावर काकांकडे. काकी वाढायची आणि काका माझ्या भाकरीचे उजवोने चौकोन पाडून द्यायचे, अगदी एकसारखे, टाइल्स बसवल्यासारखे. बांगड्याचा मधला काटा एका हिसक्यात वर. माझं ताटही ठरलेलं होतं. माझ्या बारशाला आईने सगळ्यांना स्टीलची ताटं वाटली होती, काठावर मशीनने नाव घातलेली: "चि. सायली हिच्या बारशानिमित्त". प्रत्येकाच्या घरात असं कोणाच्या तरी नावाचं ताट असतंच. काकी म्हणायची, "तुझ्या नावाचा हा, तू जेव त्यात."

काकांची अजून एक सवय म्हणजे कोणीही काहीही सांगितलं की पहिला प्रश्न, "कोणी बघल्यान?" दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला दोन तास पाणी येतं म्हणे. "कोणी बघल्यान?" अमक्याचा मुलगा सिगरेट ओढतो. "कोणी बघल्यान?" मला लहानपणी ते जाम विनोदी वाटायचं, मी नक्कल करायचे. एकदा मीच विचारलं की हे कुठून आलं. तेव्हा ते हसत हसत म्हणाले, अपघातानंतर चौकशीला साहेब आले होते. त्यांनी विचारलं, प्रेसची संरक्षणाची जाळी कोणी काढली होती? कोणी बघितलं? पाळीत अकरा माणसं होती. कोणीच बघितलं नव्हतं. मग कागदावर असं गेलं की जाळी काकांनी स्वतःच काढली. "काढलेली सुपरवायझरान. पण कागद म्हणता मी काढलंय. म्हणजे मीच काढलंय." आणि माझ्या ताटात अजून एक तुकडी टाकली.

आता माझ्याबद्दल. मी एस.वाय.ला आहे आणि गेली तीन वर्षं इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात संपादन करते. तोच प्रकार, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुसऱ्याचं खोडू शकतं. तिथे माझं नाव 'सुसाट'. कारण मी सुसाट आहे! दिवसाला चाळीस-चाळीस पानं तपासायचे. निम्म्या लोकांनी आपल्या गावच्या जत्रेवर नाहीतर आपल्या आमदारावर लिहिलेलं असतं, संदर्भ शून्य. ते शोधायचं, वर शेरा मारायचा: "उल्लेखनीय नाही, काढून टाका." सात दिवस चर्चा चालते, मग पान जातं. मला त्यात इतकी मजा यायची की विचारू नका.

हे सगळं मी काकांना दाखवलं होतं. त्यांच्या हॉलमध्ये फोन घेऊन नाचत. "काका, बघा, हे माझं नाव, सुसाट! हे पान मी उडवलं, हेपण, हेपण!" काका चष्मा लावून वाचत बसले. मग म्हणाले, "ह्यात कोणीपण लिवता?"

"कोणीपण, काका! तुम्हीपण लिहा. फोनवर मराठी कीबोर्ड टाकून देते."

टाकून दिला. डाव्या अंगठ्याने अक्षरं कशी जोडायची ते दाखवलं. अर्ध्या तासात ते "मुलुंड" लिहायला शिकले. मी टाळी वाजवली, वर गेले आणि विसरले. खरंच, पार विसरले.

दोन महिन्यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून मी नवीन पानं चाळत होते. एक आलं, 'सुरीकाटा'. लिहिणारा 'डावखुरा'. मला वाटलं, कोणीतरी क्रिकेटवेडा. पान तीन परिच्छेदांचं. सुरी आणि काटा एकत्र असलेलं जेवणाचं साधन. परदेशात युद्धात हात गमावलेल्या लोकांसाठी अशी साधनं बनत. बनवताना धार कोणत्या कडेला द्यावी. भाषा अगदी सरकारी. आणि शेवटी एक वाक्य: "उजवा हात नसलेल्या व्यक्तीस पंगतीत डाव्या हाताने जेवताना होणारा संकोच या साधनामुळे टळतो." खाली संदर्भ एकही नाही. बाजूला एक फोटो होता, छोटासा. तो मी उघडला नाही.

हे परत लिहिते. फोटो मी उघडला नाही.

तुम्हाला आत्ता कळलंय ना कोण ते? मला नाही कळलं. माझ्यासाठी ती वस्तू 'उजवो' होती. सुरीकाटा हा शब्द काकांनी घरात कधी उच्चारलाच नव्हता. ज्ञानकोशात मालवणी चालणार नाही म्हणून त्यांनी तो बसून बनवला असणार. पण शब्द सोडा. ते शेवटचं वाक्य वाचून मला तळमजला आठवायला हवा होता. वाक्य मी वाचलं. पुढे गेले. शेरा मारला.

चर्चा मात्र रंगली. एक म्हणाला, हा शब्दकोशाचा विषय, ज्ञानकोशाचा नाही. दुसरा म्हणाला, 'काटा' या पानात एक ओळ टाका, पुरे. 'टाचणी' नावाची एक शांत संपादिका आहे, तिने लिहिलं, "चमचा आणि काटा एकत्र असलेल्या वस्तूवर आपल्याकडे पान आहे, मग हिच्यावर का नको? बाहेरच्या पुस्तकांत संदर्भ मिळतील. कोणी शोधून पाहिलं का?" कोणी म्हणजे मीच, शेरा माझा होता. शोधायला दहा मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी हे लिहिलं, शब्दन् शब्द देतेय:

"मराठी माणूस हाताने जेवतो, त्याला हे हवंय कशाला? आणि संकोच कसला? देवाने दोन हात दिलेत ना? एकात सुरी धरा, एकात काटा. विषय संपला."

खाली सहा जणांनी हसण्याचे चेहरे टाकले. मी कँटीनमध्ये मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झकास हाणलास यार!" मला भारी वाटलं. अख्खा दिवस भारी वाटत होतं.

'डावखुरा'ने चर्चेत एकदाच लिहिलं. "सर्वांना दोन असतात असे नाही." मी त्याच्याखाली टाकलं, "संदर्भ?"

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी काका वर आले. जिने चढून. एरवी ते मला खालून हाक मारायचे, "गो सुसाट!" म्हणून. मी पोहे खात बसले होते. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ह्या उल्लेखनीय म्हणजे काय ता माका नीट सांग बघू."

मला केवढा आनंद! विषय माझा. मी सुरू झाले. "म्हणजे काका, एखादी गोष्ट नुसती असून चालत नाही. तिच्याबद्दल दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं पाहिजे. पेपरात, पुस्तकात. आपणच आपल्याबद्दल सांगून उपयोग नाही."

"खरा असला तरी?"

"खरं असलं तरी."

"म्हणजे साक्षीदार होयो."

"एकदम बरोबर! साक्षीदार. आणि तोपण ओळखीतला नको, बाहेरचा पाहिजे. नाहीतर काय, काकी तुमच्याबद्दल चांगलंच लिहिणार ना?"

काका जरा हसले. "ती? ती नाय लिवची चांगला." मग माझ्या बशीकडे बघत बसले. आईने त्यांना पोहे दिले. त्यांनी उजवो काढला नाही, "पोट भरलेला असा" म्हणाले. उठताना दारात थांबून म्हणाले, "आणि साक्षीदार नसलो तर?"

"तर पान उडतं," मी म्हटलं. चिमटीने हवेत काहीतरी उडवून दाखवलं. फुर्र.

बुधवारी पान उडालं.

नंतर आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मुलुंडमध्ये आता कोणाची नाही जात? सगळे भाड्याच्या जागा शोधत विखुरले. काका-काकी म्हणाले, तीन वर्षं इथे तिथे राहण्यापेक्षा आम्ही गावाला जातो. कुडाळजवळ त्यांचं घर आहे. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकीने माझ्या हातात एक पेपरात गुंडाळलेलं ताट दिलं. "ह्यांनी सांगितलान तुका दे म्हणून. तुझ्या नावाचा ना." काका टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसले होते, खिशाला उजवो. डावा हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "जेवत जा गो टायमावर." मी रडले वगैरे. ताट घरी आणून तसंच्या तसं कपाटावर ठेवून दिलं.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं. ज्ञानकोशात मला प्रचालक, म्हणजे ॲडमिन केलं. प्रचालकाला उडवलेली पानंही बघता येतात. मी काय केलं असेल? आपले जुने पराक्रम बघत बसले! बघता बघता 'सुरीकाटा' आलं. अरे हो, तो दोन हातांवाला विनोद! परत वाचला, परत हसले. आणि या वेळी, कसं काय कोण जाणे, फोटोवर बोट पडलं.

फोटो मोठा झाला. ताटात आडवा ठेवलेला उजवो. बाजूला भाकरीचे चौकोन, एकसारखे. आणि ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत: "चि. सायली हिच्या बारशानिमित्त".

माझी काय वाट लागली ते मला लिहिता येत नाहीये. फोन पालथा ठेवला. कपाटावरून ताट काढलं, पेपर फाडला. तेच ताट. काकांच्या अख्ख्या पानावर नाव असलेलं एकच माणूस होतं आणि ते मी होते. साक्षीदार म्हणून त्यांनी मलाच फोटोत ठेवलं होतं.

फोन करायला मला चार दिवस लागले. गावाला रेंज येत नाही असं मी स्वतःला सांगत होते. येते. काकीने उचलला, काकांना दिला.

"काका, डावखुरा तुम्ही होतात?"

"होय तर."

"आणि सुसाट म्हणजे मी, हे माहीत होतं तुम्हाला?"

"गो, तूच नाय काय दाखवलंस? घरभर नाचत होतंस."

"मग त्या रविवारी बोलला का नाहीत? मला शिव्या घालायच्या ना!"

"काय बोलतलंय? नियम बरोबर होतो तुझो."

"आणि ते... दोन हातांचं?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. काकी कोणाला तरी हाकलत होती.

"ता झोंबला," ते म्हणाले. "खोटा कित्याक सांगू? दोन दिस फोन हातात घेवक नाय. मगे इचार केलंय. ह्या पोरीन माका इतकी वर्षां जेवताना बघल्यान, आणि नसलेलो हात तेका दिसाकच नाय. मगे बरा वाटला."

मी नाक ओढलं. ते म्हणाले, "रडतंस कित्याक? जेवलंस?"

खरंच बरं वाटलं त्यांना, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले? मला अजून कळलेलं नाही. पण मी फोन ठेवला आणि मला बरं नाही वाटलं. मला ती चौकशी आठवली. पाळीत अकरा माणसं होती, कोणीच बघितलं नव्हतं. बारावी मी.

पुढचं पटकन सांगते. टाचणीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, मला वाटलं ओरडेल. आम्ही दोघींनी शोधलं आणि दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेरच्या दोन जुन्या पुस्तकांत अशा साधनांबद्दल व्यवस्थित लिहिलंय. 'सुरीकाटा' पान परत आलं. उल्लेखनीय आहे, पहिल्या दिवसापासून होतं. युद्ध, हात गमावलेले सैनिक, धार, बाक, सगळं आहे त्यात. फोटोपण आहे.

फक्त ते शेवटचं वाक्य नाही. पंगत, डावा हात, संकोच. त्याला कुठल्याच पुस्तकात संदर्भ नाही. पान परत आणताना मी ते ठेवलं होतं. मीच ते काढलं, कारण दुसऱ्या कोणी शेरा मारून काढलेलं मला बघवलं नसतं. काकांना कळवलं तर म्हणाले, "वस्तू रवली ना? मगे झाला." नाही झालं, काका. जगात हे एका माणसाने लिहिलं होतं, एका अंगठ्याने.

माझ्या नियमाने मी साक्षीदार होऊ शकत नाही, मी ओळखीची. असू दे. हा ज्ञानकोश नाही, इथे मला कोणी शेरा मारणार नाही. मी बघितलंय. खिशातून निघणारा उजवो बघितलाय, पानाच्या उजव्या बाजूलाच ठेवलेला, कधी डावीकडे नाही. तो काढायचा नसेल त्या दिवशी "पोट भरलेला असा" म्हणणारा माणूस बघितलाय. त्या रविवारी माझ्यासमोर पोहे तसेच राहिले, तेपण बघितलंय, आणि मी त्यांच्यासमोर चिमटीने फुर्र करून दाखवलं.

तुमचं झालंय का हो असं? रोज तुमच्या ताटात वाढणारं एखादं माणूस, इतकं आपलं, इतकं सवयीचं, की त्याचं काय गेलंय ते तुम्हाला कधी दिसलंच नाही, आणि मग तुम्ही त्यालाच विचारलंत, "संदर्भ?" झालं असेल तर सांगा ना.